मोहतेलाचा साबण

मोहतेलाचा साबण म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलावर अल्काची अभिक्रिया घडवून तयार केलेला साबण होय. मोह हा पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनात, बांधावर आणि गावालगत आढळणारा वृक्ष आहे. त्याच्या बियांचे तेल थंड हवेत तुपासारखे थिजते व त्यापासून टणक वडी तयार होते. त्यामुळे हे तेल दीर्घकाळ कपडे धुण्याच्या व अंगाच्या साबणासाठी वापरले गेले आहे. हा साबण कारखान्यात, ग्रामोद्योग केंद्रात आणि घरीही तयार करता येतो. तेल, अल्क व पाणी हे त्याचे तीनच आवश्यक घटक आहेत. यांपैकी अल्क दाहक असल्याने साबणाची सुरक्षितता मुख्यतः त्याच्या अचूक वजनावर अवलंबून असते.

## नाव व संज्ञा

मोहाचे शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया असून तो चिकूच्या, म्हणजे सॅपोटेसी कुळातील आहे. विदर्भात मोहाच्या फळाला व बीला टोळ, टोळी किंवा टोळंबी आणि तेलाला टोळीचे तेल असे म्हणतात. व्यापारात हेच तेल ‘मोव्हरा’ या नावाने ओळखले जाई.

‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’ या शब्दाशी संबंधित आहे. साबण प्रचारात येण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बराच काळ, धुण्यासाठी रिठा, शिकेकाई, लाकडाची राख, सज्जीखार आणि मोहाची पेंड वापरली जात असे. विदर्भात कपडे धुण्याचा पारंपरिक व्यवसाय करणाऱ्या परीट समाजाला ‘वरठी’ असेही म्हणतात. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील, भंडारा रोड हे रेल्वे स्थानक असलेले वरठी गाव याच नावाचे आहे. परिटांच्या ‘भट्टी’त मळके कपडे खाराच्या पाण्यात भिजवून वाफवले जात. कपड्यांवरील तेलकट मळाचा काही अंश खारामुळे साबणात बदलून निघून जाई, म्हणजे साबणीकरणाची अभिक्रिया साबणाची वडी न वापरताही अल्प प्रमाणात घडत असे.

बोलीभाषेतील ‘खार’ किंवा ‘क्षार’ म्हणजे अल्कधर्मी पदार्थ, तर शालेय रसायनशास्त्रातील ‘क्षार’ म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून मिळणारा पदार्थ. साबण हा या दुसऱ्या अर्थाने क्षार आहे, कारण तो मेदाम्लाचा सोडिअम किंवा पोटॅशिअम क्षार असतो.

## इतिहास

युरोपात साबणनिर्मितीला वेग येण्यामागे दोन शोध होते. निकोला लेब्लां या फ्रेंच रसायनज्ञाने १७९१ मध्ये मिठापासून सोडा तयार करण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळवले, त्यामुळे अल्कासाठी राखेवर अवलंबून राहण्याची गरज कमी झाली. पुढे मिशेल शेव्हरल याने मेद हे मेदाम्ले व ग्लिसरीन यांचे बनलेले असतात हे दाखवले. त्याचा या विषयावरील ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साबणीकरणात नेमके काय घडते याचा उलगडा त्यामुळे झाला आणि प्रमाणाचे गणित मांडणे शक्य झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सनलाइट व लाइफबॉय हे इंग्लंडमध्ये तयार झालेले साबण भारतीय बाजारात आले. त्याच काळात मोहाचे बी मुंबई बंदरातून युरोपात जात होते. पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनी व बेल्जियम हे त्याचे मोठे ग्राहक होते आणि त्याचे तेल तेथे साबण व मेणबत्त्यांसाठी वापरले जाई. बी बाहेर पाठवून साबण विकत घेण्याचा हा व्यवहार पुढे स्वदेशी व ग्रामोद्योग विचाराच्या टीकेचा विषय झाला.

स्वदेशी चळवळीनंतर देशात साबणाचे कारखाने वाढले. म्हैसूर संस्थानाचा साबण कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलापासून अंगाचा साबण तयार केला. चरबीबद्दलच्या धार्मिक आक्षेपांमुळे वनस्पती तेलाचा हा मुद्दा भारतीय ग्राहकांसाठी महत्त्वाचा होता.

ग्रामीण पातळीवरील प्रयोगांचे विदर्भातील केंद्र वर्धा हे होते. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्यातील मगनवाडी येथे त्याचे मुख्यालय होते आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्याचे संघटक होते. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशीपालन यांबरोबर साबणनिर्मितीचाही संघाच्या कामात समावेश होता. १९३८ मध्ये तेथे मगन संग्रहालय सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर हे कार्य खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आले. १९५७ मध्ये कार्यरत झालेल्या या आयोगाने अखाद्य तेले व साबण यांना ग्रामोद्योगांत स्थान दिले. खाद्यतेलाची टंचाई असताना साबणासाठी कडुनिंब, करंज व मोह यांसारखी वनातील तेले वापरावीत, असे या धोरणाचे सूत्र होते.

## बी व तेल

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात. गळतो तो फुलाचा मांसल, गोड पाकळ्यांचा भाग. बीजकोश झाडावरच राहतो, म्हणून खाली पडलेली फुले वेचल्याने फळांचे नुकसान होत नाही. जून-जुलैच्या सुमारास फळे पिकतात व प्रत्येक फळात साधारणतः एक ते चार बिया मिळतात. अशा रीतीने एकाच झाडापासून आधी फुले व नंतर बी अशी दोन उत्पन्ने मिळतात.

बियांचे टरफल काढून आतील गर वाळवला जातो. गरात वजनाच्या सुमारे ३५ ते ५० टक्के तेल असते. मध्य भारतातील आदिवासी भागांत कुटलेला गर वाफवून लाकडी फळ्यांमध्ये दाबण्याची जुनी रीत होती. तेलघाणी आणि अलीकडे यांत्रिक एक्स्पेलर यांचाही उपयोग होतो. बी पावसाळ्यात हाती येत असल्यामुळे ते वाळवणे हा सर्वांत नाजूक टप्पा ठरतो. ओलसर बियांत तेलाचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले वाढतात, तेल गडद व उग्र वासाचे होते आणि अशा तेलाचा साबण घडवताना मिश्रण अचानक घट्ट होते.

मोहतेलात ओलेइक, स्टिअरिक, पामिटिक व लिनोलेइक ही मुख्य मेदाम्ले आढळतात. स्टिअरिक व पामिटिक आम्लांमुळे वडी टणक होते व पाण्यात लवकर झिजत नाही. ओलेइक आम्लामुळे साबण तुलनेने सौम्य राहतो. मात्र खोबरेलात विपुल असलेले लॉरिक आम्ल मोहतेलात नसल्यामुळे त्याचा फेस कमी, बारीक व मंद असतो. अनेक आदिवासी कुटुंबांत हे तेल स्वयंपाकात, दिव्यात व अंगाला लावण्यासाठी वापरले जाते. त्यामुळे साबणासाठी सामान्यतः जुने, गडद किंवा खाण्यास अयोग्य तेल वेगळे काढले जाते.

### पेंड आणि साबण यांतील फरक

तेल काढल्यानंतर उरणारी मोहाची पेंड पाण्यात फेसाळते. हा फेस साबणाचा नसून सॅपोनिन या द्रव्यांचा असतो. रिठ्याचा फेसही याच प्रकारचा आहे. सॅपोनिने वनस्पतीत मूळचीच असतात, तर साबण अभिक्रियेतून तयार करावा लागतो. मोहाच्या पेंडीतील सॅपोनिने माशांना विषारी असतात. तळ्यातील नको असलेले मासे काढून टाकण्यासाठी मत्स्यसंवर्धनात या पेंडीचा मुद्दाम वापर केला जातो. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील जुन्या मालगुजारी तलावांवर मासेमारी चालते. त्यामुळे पेंडीचे किंवा ती धुतलेले पाणी तलावात सोडणे हानिकारक ठरते.

## साबणीकरण

तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्ले. सोडिअम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या तीन रेणूंशी त्याची अभिक्रिया होते तेव्हा साबणाचे तीन रेणू व ग्लिसरीनचा एक रेणू तयार होतो. या ऊष्मादायी अभिक्रियेला साबणीकरण म्हणतात. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर आणि अल्काचे प्रमाण बरोबर असल्यास तयार वडीत मुक्त कॉस्टिक सोडा उरत नाही. म्हणूनच ‘कॉस्टिक सोड्याविना सुरुवातीपासून तयार केलेला घट्ट साबण’ हा दावा सहसा चुकीचा असतो. तयार साबणाचा पाया वितळवून त्यात रंग व सुगंध मिसळल्यास कॉस्टिक हाताळावा लागत नाही, परंतु त्या पायासाठी अल्क आधीच वापरलेला असतो.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे लांब टोक तेलाकडे आकर्षित होते. तेलकट मळाभोवती असे अनेक रेणू गोळा होतात व मळ पाण्याबरोबर वाहून जातो.

### अल्काचे स्रोत

जुन्या पद्धतीत लाकडाच्या राखेतून पाणी झिरपवून खारपाणी मिळवले जाई. त्यात मुख्यतः पोटॅशिअम कार्बोनेट असते. कार्बोनेट हे सौम्य अल्क असल्याने त्यात विरलेला चुना मिसळून अधिक तीव्र हायड्रॉक्साइड तयार करावे लागते. पोटॅशिअमचा साबण मऊ, लिबलिबीत होतो. घट्ट वडीसाठी सोडिअमचे अल्क लागते. राखेतील खाराचे प्रमाण झाड, माती व जाळण्याची रीत यांनुसार बदलत असल्यामुळे खारपाण्याची ताकद दर वेळी वेगळी असते.

भंडारा हा भाताचा जिल्हा असल्याने तेथे धानाच्या तुसाची राख भरपूर मिळते. ती मात्र या कामासाठी निरुपयोगी असते, कारण तिचा बहुतांश भाग सिलिका असतो व खार अत्यल्प असतो. आज घरगुती साबणासाठी ज्ञात शुद्धतेचा कॉस्टिक सोडा वापरला जातो. त्याचे वजन मोजता येते, हाच त्याचा राखेवरील मोठा फायदा आहे.

## प्रमाणाचे गणित

प्रत्येक तेलाच्या पूर्ण साबणीकरणासाठी ठरावीक वजनाचे अल्क लागते. एक ग्रॅम तेलासाठी लागणाऱ्या पोटॅशिअम हायड्रॉक्साइडचे मिलिग्रॅममधील वजन म्हणजे त्या तेलाचा साबणीकरणांक होय. त्याला सुमारे ०.७१३ ने गुणल्यास सोडिअम हायड्रॉक्साइडचे वजन मिळते. विदर्भात वापरल्या जाणाऱ्या काही तेलांसाठी अंदाजे मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत.

| तेल | १०० ग्रॅम तेलासाठी सोडिअम हायड्रॉक्साइड (ग्रॅम) | साबणाचा गुण |
|---|---|---|
| मोह | १३.७ | टणक वडी, बारीक फेस |
| खोबरेल | १८.३ | भरपूर फेस, अधिक झाल्यास त्वचा कोरडी |
| कडुनिंब | १३.९ | मध्यम टणक, उग्र वास |
| करंज | १३.५ | मऊसर वडी, गडद रंग |
| एरंडेल | १२.८ | फेस टिकवतो, अधिक झाल्यास वडी चिकट |
| तीळ | १३.४ | मऊ वडी |
| जवस | १३.५ | मऊ वडी, लवकर खवट |

झाडाची जात, हवामान व तेलाची अवस्था यांनुसार ही मूल्ये थोडी बदलतात. म्हणून गणिताने आलेल्या अल्कापेक्षा सुमारे ५ टक्के कमी अल्क घेतात. त्यामुळे थोडे तेल साबणीकरण न होता वडीत उरते. याला तेलाची सूट म्हणता येईल. ही सूट त्वचेला मऊपणा देते आणि वजनातील लहान चुकीपासून संरक्षणही करते.

उदाहरणादाखल ६०० ग्रॅम मोहतेल, ३०० ग्रॅम खोबरेल व १०० ग्रॅम एरंडेल असे १ किलो मिश्रण घेतल्यास पुढील हिशोब होतो:

* मोहतेलासाठी ८२.२ ग्रॅम
* खोबरेलासाठी ५४.९ ग्रॅम
* एरंडेलासाठी १२.८ ग्रॅम
* एकूण १४९.९ ग्रॅम
* ५ टक्के सूट वजा जाता सुमारे १४२ ग्रॅम सोडिअम हायड्रॉक्साइड
* पाणी सुमारे ३३० ग्रॅम

बाजारातील कॉस्टिक सोडा पूर्ण शुद्ध नसतो व तो हवेतील ओलावाही शोषतो. त्यामुळे प्रत्यक्ष अल्क किंचित कमी पडते व सूट आपोआप थोडी वाढते. घरगुती पातळीवर ही तूट सुरक्षित बाजूला असते, म्हणून ती भरून काढण्यासाठी जास्तीचा सोडा घातला जात नाही.

तेल बदलले की हिशोब नव्याने करावा लागतो. खोबरेलासाठी लिहिलेली कृती जशीच्या तशी मोहतेलाला लावल्यास १ किलो तेलात १३७ ग्रॅमऐवजी १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा पडेल. उरलेला ४६ ग्रॅम दाहक अल्क वडीत तसाच राहील. अशी वडी दिसायला टणक व पांढरट असली तरी त्वचा भाजू शकते. याच कारणाने वाटी, चमचा किंवा अंदाज यांवर आधारलेल्या कृती साबणासाठी असुरक्षित मानल्या जातात व किमान एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आवश्यक समजला जातो.

## कृती

### साहित्य

अल्काचे पाणी व मिश्रण यांसाठी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड, उष्णता सहन करणाऱ्या प्लास्टिकची भांडी वापरतात. ॲल्युमिनिअमची कॉस्टिकशी तीव्र अभिक्रिया होऊन ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ते भांडे पूर्णतः वर्ज्य आहे. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असले तरी या कामात पितळ व तांबेही टाळतात. पितळेतील जस्त अल्कात विरघळते, तर तांब्याच्या अंशामुळे तेल लवकर खवट होते. साबणाची भांडी पुन्हा स्वयंपाकात वापरली जात नाहीत.

### शीत पद्धत

१. तेल कापडातून गाळून घेतात. थिजलेले मोहतेल मंद आचेवर पूर्ण वितळवून इतर तेलांत मिसळतात व मिश्रण ४० ते ४५ अंश सेल्सिअसवर आणतात.

२. मोजलेला कॉस्टिक सोडा मोजलेल्या थंड पाण्यात थोडाथोडा सोडून ढवळतात. सोडा पाण्यात टाकायचा असतो. सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नसते. उलट केल्यास उकळी फुटून दाहक द्रव अंगावर उडू शकतो. विरघळताना द्रावण ८० अंशांपेक्षाही अधिक तापू शकते व त्यातून झोंबणारी वाफ निघते, म्हणून हे काम मोकळ्या हवेत केले जाते.

३. द्रावण सुमारे ४० अंशांपर्यंत निवल्यावर ते तेलात सावकाश ओततात व सतत ढवळतात.

४. मिश्रण हळूहळू कढीसारखे व नंतर दाट पिठल्यासारखे होते. पळीतून पडलेल्या धारेची रेघ पृष्ठभागावर काही क्षण टिकू लागली की तेल व द्रावण एकजीव झाले असे समजतात. हाताने ढवळल्यास यास बराच वेळ लागू शकतो, तर जुन्या मोहतेलात ही अवस्था काही मिनिटांतही येते.

५. या टप्प्यावर हवे असल्यास सुगंधी तेल, हळद किंवा वाटलेला पाला मिसळतात व मिश्रण कागद लावलेल्या लाकडी साच्यात ओततात.

६. साचा गोणपाटाने झाकून एक ते दोन दिवस ठेवतात. नंतर हातमोजे घालून वड्या कापतात.

### उष्ण पद्धत

या पद्धतीत घट्ट झालेले मिश्रण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात एक ते तीन तास शिजवतात, त्यामुळे साबणीकरण त्याच दिवशी जवळजवळ पूर्ण होते. कारखान्यात शिजलेल्या साबणात मिठाचे तीव्र द्रावण घालतात. साबण वर तरंगतो आणि ग्लिसरीन, मीठ व जास्तीचे अल्क खालच्या पाण्यात राहते. गडद, मुक्त मेदाम्ले अधिक असलेल्या मोहतेलासाठी उष्ण पद्धत सोयीची असते, कारण लवकर घट्ट होण्याचा दोष तेथे अडचण ठरत नाही. घरगुती शीत पद्धतीत ग्लिसरीन वडीतच राहते.

### मुरवण

कापलेल्या वड्या हवेशीर जागी, एकमेकींपासून अंतर ठेवून चार ते सहा आठवडे मुरवल्या जातात. या काळात उरलेली अभिक्रिया पूर्ण होते, पाणी उडते व वडी टणक होते. पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतील ओलावा शोषून वड्यांना ‘घाम’ फुटतो. त्यामुळे पावसाळ्यात मिळालेल्या बियांचे तेल काढून ठेवून साबण दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करणे सोयीचे असते.

## चाचणी व दोष

हळदीचे पाणी किंवा कागद साबणाने लाल होतो हा शालेय प्रयोग सर्वपरिचित आहे. परंतु चांगला साबणही अल्कधर्मी असल्याने हळद लाल होतेच. साबणात मुक्त कॉस्टिक आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. लिटमसचीही हीच मर्यादा आहे. प्रयोगशाळेत साबण अल्कोहोलमध्ये विरघळवून फिनॉल्फ्थॅलीन दर्शकाच्या साहाय्याने मुक्त अल्क मोजतात. जिभेवर साबण लावून पाहण्याची प्रचलित रीत धोक्याची आहे.

घरगुती वडीत आढळणारे सामान्य दोष असे:

* वडीत पांढरे, कडक खडे किंवा द्रवाचे खळगे: सोडा पूर्ण न विरघळल्याचे किंवा मिश्रण एकजीव न झाल्याचे चिन्ह. अशी वडी वापरली जात नाही.
* पृष्ठभागावर पातळ पांढरी भुकटी: बहुधा हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे तयार झालेला सोडा. ती खरवडून काढता येते.
* वर तरंगणारे तेल: अल्क कमी पडणे किंवा ढवळणे अपुरे असणे.
* नारिंगी डाग व खवट वास: उरलेल्या तेलाचे ऑक्सिडीकरण. जवसासारखी तेले अधिक असल्यास हा दोष लवकर येतो.

भारतीय मानक ब्युरोच्या अंगाच्या साबणाविषयीच्या मानकात एकूण मेद द्रव्याच्या प्रमाणावरून साबणाचे तीन दर्जे ठरवले आहेत: पहिल्यासाठी किमान ७६, दुसऱ्यासाठी ७० व तिसऱ्यासाठी ६० टक्के. घरगुती शीत पद्धतीत भर घातली जात नसल्याने नीट वाळलेल्या वडीत मेदाचे प्रमाण चांगले असते, पण ते चाचणीशिवाय वेष्टनावर लिहिता येत नाही.

साबणाचा फेस पाण्यावरही अवलंबून असतो. विहिरीच्या किंवा हातपंपाच्या कठीण पाण्यातील कॅल्शिअम व मॅग्नेशिअम यांच्याशी साबणाची अभिक्रिया होऊन न विरघळणारी साय तयार होते. पावसाच्या मृदू पाण्यात तोच साबण चांगला फेसाळतो. मंद फेसाच्या मोहसाबणात हा फरक विशेष जाणवतो.

## सुरक्षितता

कॉस्टिक सोडा त्वचा, डोळे व अन्ननलिका यांना गंभीर इजा करतो. काम करताना डोळ्यांवर चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व बंद पादत्राणे वापरतात. मुले व पाळीव प्राणी यांना दूर ठेवले जाते. सोडा किंवा त्याचे द्रावण पाण्याच्या बाटलीत अथवा स्वयंपाकाच्या डब्यात ठेवणे हे घरगुती विषबाधेचे टाळता येण्याजोगे कारण आहे.

* त्वचेवर पडल्यास: दूषित कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवावे. जखमेवर व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये.
* डोळ्यात गेल्यास: पापण्या उघड्या ठेवून ताबडतोब पाण्याने सतत धुवावे व त्वरित रुग्णालयात जावे.
* पोटात गेल्यास: उलटी करवू नये. आम्लधर्मी पदार्थ पाजू नये. सोड्याचे वेष्टन सोबत घेऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे.

## विक्री व कायदा

स्वतःच्या घरातील वापरासाठी साबण करणे व तो विकणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट काढण्यात आली. त्यामुळे अंगाच्या साबणाचे विक्रीसाठी उत्पादन करण्यास परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार हा परवाना राज्याचे परवाना प्राधिकरण देते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. ‘त्वचारोग बरा करणारा’ असा दावा केल्यास उत्पादन औषधाच्या कक्षेत येऊ शकते.

## ग्रामीण अर्थव्यवस्थेतील स्थान

वन हक्क कायदा, २००६ ने वनात राहणाऱ्या पात्र समुदायांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. केंद्र शासनाने २०१३-१४ मध्ये सुरू केलेल्या गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत मोहाच्या बियांचा समावेश होता. ही किंमत कच्च्या बियांना मिळते. तेल, पेंड व साबण यांतून होणारी मूल्यवाढ मात्र गाळप व प्रक्रिया जेथे होते तेथे जाते. पूर्व विदर्भात बी वेचण्याचे काम मोठ्या प्रमाणात स्त्रिया करतात. त्यामुळे गावपातळीवरील तेलघाणी व साबणनिर्मिती हे बचत गटांसाठी पूरक उत्पन्नाचे साधन ठरू शकते.

या उद्योगाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. बी हंगामी आहे, मोहाचे उत्पन्न दरवर्षी सारखे नसते, तेलाला स्वतःचा वास आहे आणि भरपूर फेस व सुगंध यांना सरावलेल्या ग्राहकाला हा साबण वेगळा वाटतो. परवाना, चाचणी व वेष्टन यांचा खर्च एकट्या कुटुंबाला परवडत नाही. म्हणून अशा उत्पादनासाठी बियांची सामायिक वाळवण, एक गाळप केंद्र आणि प्रत्येक घाण्याच्या तेलाची तपासणी अशी सामूहिक व्यवस्था उपयुक्त ठरते. बी कोरडे राहिले आणि अल्क तोलून घेतले, तर पुढची कृती साध्या साधनांनी करता येते.

## हे सुद्धा पहा

* मोह
* साबण
* तेलघाणी
* रिठा
* मगन संग्रहालय
* खादी व ग्रामोद्योग आयोग
* भंडारा जिल्हा
* वरठी